शेडनेटातल्या भाच्या

टमाटे तुम्हीही खाता, मीही खातो. त्या टमाट्याचं बी कुठून येतं हे मला म्हातारा होईपर्यंत माहीत नव्हतं. या पौषात ते पाहून आलो. तुम्ही तिकडं जाल असं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला गवंडी. भिंत ओळंब्यात उभी करता येते, वाक्य तेवढं सरळ येईलच असं नाही. समजून घ्या.

जानेफळ

माझी बायको कौसाबाई आमच्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. गेल्या आखाडात ती वारली. घरात आता मी आणि तिची भांडी. त्यात एक स्टीलची ताटली आहे, मागं तिचं नाव कोरलेली. ती गेल्यापासून मी तिच्यातच जेवतो. परगावी जायचं तरी ताटली पिशवीत असते. लोक हसतात. हसू द्या.

त्या ताटलीत माझ्या आधी काजल जेवायची. गावाच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या मजुराची पोरगी. शाळेतल्या ताटल्या कमी पडायच्या, म्हणून कौसाबाईनं घरची आणून ठेवली होती. पोरगी चुलीजवळ बसायची, बायको तिला खरवड वाढायची. दोघींची काय गुटूरगुटूर चालायची देव जाणे. गेल्या शिमग्यानंतर पाल उठलं आणि पोरगी यायची बंद झाली. मास्तर म्हणाले, "स्थलांतर झालं." कौसाबाईला तो शब्द काही पटला नाही. अंथरुणाला खिळली तरी विचारायची, "अहो, ते काजल कोठी गेली हो? मांजर हरपलं त माणूस गल्लीगल्लीनं फिरते. पोरगी हरपली त कोणी इचारत बी नाई?"

शेवटपर्यंत विचारत राहिली.

पौषात आमच्या शाळेत एक पोरगी आली. वैशालीताई. मेहकरच्या एका मास्तरची लेक, शहरातल्या कॉलेजात शिकते. लहान पोरांना आणि नडलेल्या मजुरांना कोण कसं राबवून घेतं, यावर तिचा अभ्यास चालला होता. मास्तरांनी तिला चहा पाजला आणि सांगितलं, आमच्या गावची सगळी मुलं शाळेत येतात. मी खिचडीच्या शेडच्या ओट्यावर बसलो होतो. सवय, दुसरं काय.

मी म्हणालो, "मास्तर खोटं बोलून राह्यले."

मास्तर लाल झाले. ताई मात्र चहा ठेवून माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. मी तिला काजलचं सांगितलं. ती म्हणाली, "आबाजी, माझ्यासंगं चालता का? मी एकटी गेली की लोक दार लावून घेतात."

घरात मला थांबवणारं कोण होतं? पिशवी उचलली आणि निघालो.

पिंपळगाव राजा

काजलचे मायबाप खामगावच्या खाली पिंपळगाव राजाकडं गेले, एवढं गावात एकाला माहीत होतं. एसटीतून उतरताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला. म्हातारा माणूस एक पाय घासत गावभर विचारत फिरतोय, लोकांना वाटलं भीक मागायला आला. एका बाईनं पसाभर ज्वारी आणली. मी म्हणालो, "ज्वारी नको माय, पत्ता सांग." तिनं पत्ता सांगितला.

गावाबाहेर शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, मजुरांची पालं होती. सगळ्यांवर फाटकं प्लास्टिक. एकावर मात्र कोरे पत्रे, उन्हात डोळे दिपतील असे. तेच काजलचं घर. तिची माय अनुसया एकटीच होती, कडेवर तान्हं. नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेला. मला तिनं ओळखलं, बसायला पोतं टाकलं, न विचारता भाकरी थापायला घेतल्या. अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडं अंबाडीत कण्या टाकतात, तिनं तुरीची डाळ टाकली होती. चव चांगली होती.

ताई हळूहळू विचारत होती, काम कसं, पाणी कुठलं, बाळ किती महिन्यांचं. मला तेवढा दम नाही.

"काजल कोठी हाय वं?"

"मामाकडं," ती तव्याकडं पाहत म्हणाली.

"तुले भाऊ हाय?"

भाकरी उलटायची राहिली. करपल्याचा वास आला.

"नाई," ती म्हणाली. "मुकादमानं सांगलं, कोणी इचारलं त मामाकडं गेली म्हनजा."

मग सगळं बाहेर आलं. उन्हाळ्याच्या तोंडाला गारा पडल्या. पाल चिंध्या चिंध्या झालं. तान्हं पोटात होतं, मोठा पोरगा तापानं फणफणत होता. मजूर पुरवणारा मुकादम पत्रे घेऊन हजर. म्हणाला, पैसे नको, काही नको, पोरगी द्या. फुलांचं काम हाय, सावलीतलं. फिटलं की आणून सोडतो. कधी फिटतं, कोण ठरवतं, ते नाही सांगितलं. गणपतीत नवरा पोरीला आणायला जालन्याकडच्या त्या शेडावर गेला तर फाटकातूनच परत लावला.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "पत्र्याखाली तू निजते बाई. पोरगी कशाखाली निजते ते पाह्यलं का?"

ती रडली नाही. नुसती वर पत्र्याकडं पाहत राहिली. ताईनं माझा दंड धरून मला बाहेर नेलं.

"तिच्यावर काऊन ओरडता, आबाजी? तिनं पोरगी विकली नाई. अडलेली पाहून तिच्याजवळून नेली. जो वाटून राह्यला पत्रे, त्याच्यावर ओरडा. तो तर कुठं दिसतच नाई."

खरं होतं. मी आत जाऊन गप बसलो. ताईनं आवाज भरून घ्यायला फोन पुढं धरला. अनुसया आधी घाबरली, "पोरगी आणली त पत्रे काढून नेतीन हो." बराच वेळ तान्ह्याला थोपटत बसली. मग फोनमध्ये बोलली, एवढंच, "मी काजलची माय. माही पोरगी मले पाह्यजे."

निघताना तिनं माझी चप्पल ओढून घेतली. पत्रे बांधून उरलेल्या तारेनं पट्टा आवळून दिला. ती तार पुढचा सगळा प्रवास माझ्या अंगठ्याला टोचत होती.

चिखली

मुक्काम चिखलीला ताईच्या मावशीकडं केला. सकाळी स्टँडवर पोहे खाल्ले, वर तर्री. समोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, सगळी सडक कापसाच्या पांढऱ्या पुंजक्यांनी भरलेली.

ताईनं मला तिचा अभ्यास समजावून सांगितला. म्हणाली, "याले आधुनिक गुलामगिरी म्हणतात, आबाजी."

"त्यात आधुनिक काय हाय?"

"आता साखळदंड नसतात. माणूस मोकळाच दिसतो, पण जाता येत नाई. नडीच्या वेळी काहीतरी देऊन ठेवायचं, धाक घालायचा, गावापासून दूर न्यायचं."

मी म्हणालो, हे तर माझ्या आज्याच्या वेळचं आहे. नवीन एवढंच की तेव्हा अशा मालकाला लोक मालक म्हणायचे, आता प्रगतिशील शेतकरी म्हणून त्याचा सत्कार करतात. ताई हसली. मग तिनं मला तंबी दिली. बुलढाण्याच्या बाल संरक्षण अधिकाऱ्याला तिनं आधीच कळवलं होतं, अनुसयाचा आवाजही पाठवला होता. आज फक्त जायचं, पोरगी तिथं आहे का पाहायचं, आणि त्याला फोन करायचा. मालकाला संशय आला तर तो पोरी हलवतो. एकदा हलवल्या की सापडत नाहीत.

"ओरडायचं नाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. म्हणालो तेव्हा खरंच मनात तसं होतं.

शेडनेटच्या गावी

गावाचं नाव लिहीत नाही. जालन्याच्या अंगाला आहे. तिकडं बोली बदलते, ज्वारीच्या जागी बाजरीची भाकर येते, माणसं आपल्यापेक्षा गोड बोलतात. माळावर जिकडं पाहावं तिकडं पांढऱ्या-हिरव्या जाळ्यांची शेडं. डोंगराला कोणी मच्छरदाण्या लावल्यासारखी. आत टमाटे, मिरच्या. खाण्याचे नव्हेत, बियाचे. ते बी पुढं चकचकीत पाकिटात जातं.

मालक विलासराव. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, तोंडात साखर. ताई म्हणाली, बियाचं काम पाहायला आलो, हे माझे आबाजी. तो म्हणाला, "या की, पाहुणे म्हणजे देव."

फाटकाशी एक पसरट घमेलं, त्यात बियाच्या कंपनीनं पाठवलेल्या गुलाबी औषधाचं पाणी. "पाय बुडवून या बाबा. बाहेरची रोगराई आत गेली तर झाडं बसतात." मी माझी तार बांधलेली चप्पल काढली, पाय बुडवले. झाडांची एवढी काळजी पाहून मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

आत गेलो. बाहेर पौषातली थंडी आणि आत घामाच्या धारा. औषध फवारल्याचा वास घशाला धरत होता. दोरीला बांधलेली टमाट्याची झाडं, आणि दर ओळीत एक एक पोरगी. माझ्या कमरेला लागतील अशा. हातात चिमटा. विलासराव हौसेनं सांगत होता. कळी उमलायच्या आत तिच्यातला नर चिमट्यानं काढायचा. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग बोटानं लावायचा. जोरात धरलं तर कळी मोडते. म्हणून बारीक बोटं लागतात. मोठ्या बाईची बोटं जाड, तिची कंबरही लवकर धरते.

पोरींची बोटं टमाट्याच्या चिकानं काळी-हिरवी झाली होती. एक पोरगी सारखे डोळे पुसत होती, बहुतेक मिरचीच्या शेडातून आलेली. कोणी वर पाहत नव्हतं. शेडामागं बी काढून फेकलेल्या टमाट्याच्या गराचा ढीग कुजत होता. ढिगावर माशा. एका पोरीनं मान न वळवता माझ्या कानाजवळ विचारलं, "बाबा, भाकर हाय का?" एवढा गर सडतोय आणि पोरगी भाकर मागतेय.

ताई गोड आवाजात म्हणाली, "एवढ्या पोरी? शाळा नाई का?"

"अहो, माझ्या भाच्याच आहेत सगळ्या," विलासराव हसला. "सुट्टीत मामाकडं आल्यात. तेवढाच हातभार."

"पौषात कशाची सुट्टी?" मी म्हणालो.

ताईनं माझ्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात पलीकडच्या ओळीत ती दिसली. हाडं वर आलेली, केस कापून टाकलेले. चालण्यावरून वाटलं, काजलच. पण खात्री होईना. मी विचारलं, "हे कोण?"

"ही पूजा. सख्ख्या बहिणीची."

आता आमच्याकडची रीत सांगतो, तुमच्याकडं असेल-नसेल. आमच्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची अंगणात खेळणारी असो, मामा पांढऱ्या केसांचा असो, वाकायचं त्यानं. भाचीला पाया पडू देत नाहीत, तिला उष्टं काढू देत नाहीत. माझी कौसाबाई तर भाच्या आल्या की मला झोपेतून उठवायची, "अहो उठा, पाया पडा आधी." आणि हा माणूस त्याच नात्याची झूल त्या लेकरांवर टाकून त्यांना राबवत होता. कुठलंही नातं सांगता आलं असतं. त्यानं नेमकं हेच काढलं.

मी ताईला दिलेला शब्द मोडला.

"भाची हाय न तुही? मंग पड तिच्या पाया."

"काय बाबा!"

"पड नं. आमच्याकडं पडतात. तुमच्याकडं नाई का?"

शेजारच्या शेडातले दोघं-तिघं शेतकरी बांधावर येऊन उभे होते. मजूर बायाही थबकल्या. विलासरावानं सगळ्यांकडं पाहिलं, हसला. "आमच्यात बी पडतात की. हे काय, पडलो." आणि तो वाकला.

तो वाकला मात्र, पोरीनं चिमटा टाकला, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि तिथंच खाली बसली. ओरडली नाही. माणूस वाकतो तो काहीतरी उचलून मारायलाच, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

विलासराव वाकलेलाच, हात तिच्या पायाजवळ. बांधावरच्यातला एक जण म्हणाला, "अरे विलास..."

मी मातीत बसलो. पिशवीतून ताटली काढून तिच्यापुढं धरली. हातांच्या फटीतून तिनं पाहिलं.

"कोणाची हाय वं हे?"

ती म्हणाली, "खिचडीवाल्या बाईची."

"अन् तू कोण?"

तिनं आधी मालकाकडं पाहिलं. मग हळूच, "काजल."

ताईनं तोवर फोन लावला होता. विलासरावाची साखर विरघळली. मला म्हणाला, "म्हाताऱ्या, पोट भरतं त्यांचं इथं. घरी नेऊन काय खायला घालणार?" मी त्याला जे बोललो ते ताईनं या लिखाणातून काढायला लावलं आहे.

अधिकारी बुलढाण्याहून यायचा होता, लांबून. त्याच्या आधी गावच्या ठाण्याचा हवालदार आला. आला तो ओसरीवर टेकला, विलासरावानं चहा मागवला. हवालदार म्हणाला, "कशाला वाढवता आबाजी, गावातलं गावात मिटवा." ताई त्याला कायदा सांगत होती, तो बशीत चहा ओतत होता. मी काजलचा हात धरून उभा होतो, सोडला नाही. म्हणून ती राहिली. हवालदाराचा चहा संपेपर्यंत मागच्या फाटकातून ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीखाली बाकीच्या भाच्या. मी ओरडलो, ताई गाडीमागं धावली. हवालदार म्हणाला, "खताची गाडी असंल."

अधिकारी भला माणूस निघाला. पण तो आला तेव्हा शेडात नुसती झाडं होती. झाडं ठणठणीत. रोगराई कुठंच नव्हती.

परत येताना मीच म्हणालो, "मी ओरडलो म्हणून गेल्या त्या."

"हाव," ती म्हणाली. मग म्हणाली, "नसते ओरडले त पूजा म्हणून काजलही गेली असती." दोन्ही खरं. दोन्ही घेऊन झोपावं लागतं.

बुलढाणा

काजलला बुलढाण्याच्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. बाल कल्याण समितीपुढं अनुसया आली. पिंपळगावचे पत्रे मुकादमानं दुसऱ्याच दिवशी काढून नेले होते. "जाऊ द्या," ती म्हणाली, "रात्री पत्रे वाजायचे हो, झोप नव्हती." विलासरावावर गुन्हा नोंदला म्हणतात. माणूस घरी आहे. त्याच्या शेडात नवीन लागवड झाली, ही बातमी ताईनंच सांगितली. मुकादमाचं नाव विचारलं तर सगळे मुके होतात. आणि ज्या कंपनीच्या पाकिटात ते बी जातं, तिचं म्हणणं, आम्ही फक्त बी विकत घेतो, कोण काढतं ते आम्हाला माहीत नाही. माहीत नाही? झाडाला रोग लागू नये म्हणून गुलाबी पाणी पाठवता येतं, आणि झाडापाशी कोण उभं आहे तेवढं दिसत नाही?

महिन्याभरानं मी तिला भेटायला गेलो. खिचडी शिजवून नेली. कौसाबाईसारखी जमली नाही, तळाला लागली. पण तिला खरवडच आवडायची, म्हणून तशीच नेली. वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसलो. तिच्या बोटांचा काळेपणा अजून नखांच्या कडेला होता. ताटली पुढं ठेवली तर विचारते, "खाऊ?"

"तुहीच हाय ते."

खाता खाता म्हणाली, "बाई काऊन नाई आली?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, बाई गेली. आखाडात. तुझी फार चौकशी करत होती. ती चावायची थांबली, घास तोंडात तसाच. मग म्हणाली, "मंग तुम्हाले कोण वाढते?"

मी ताटलीत आणखी खरवड वाढली.

मग तिनं दुसरं विचारलं. "राणी कवा येईन?" राणी म्हणजे शेडातली तिच्या शेजारच्या ओळीतली. जिनं मला भाकर मागितली होती ती. ताई तिला शोधून राह्यली आहे. मायबापाचं गाव माहीत नाही, खरं नाव माहीत नाही. कुठल्या माळावर, कुठल्या मामाकडं आहे ते माहीत नाही. मी म्हणालो, "शोधून राह्यलो." तिनं अर्धी खिचडी ताटलीत बाजूला सारून ठेवली. म्हणाली, "तिले न्या."

निघताना माझ्या मनात आलं, कौसाबाई असती तर मला हुकूम केला असता. मी चप्पल काढली. म्हणालो, "काजल, मी आता वाकून राह्यलो. हात रिकामे हायेत, पाह्य. भेऊ नको." दोन्ही पंजे तिला उघडून दाखवले आणि मग वाकलो.

तरीही तिचे हात वर गेले. कानापर्यंत गेले आणि तिथं थांबले.

मी तसाच वाकून राहिलो. कंबर धरली, तारेनं अंगठ्याला पडलेला घट्टा ठणकत होता. ते हात खाली येईपर्यंत मी काही उठलो नाही.